घरची ब्राह्मी

पुणें शहरांत वाड्यामागील परसें आतां क्वचितच दृष्टीस पडतात; तथापि गच्चीवरील चार कुंड्यांत तुळस, ओवा व गवती चहा यांच्या शेजारीं ब्राह्मीची एखादी कुंडी पुष्कळ घरीं आढळते. मस्तक शांत ठेवणारी, झोप आणणारी व बुद्धि वाढविणारी अशी तिची ख्याति आहे. परंतु आपण जिला ब्राह्मी म्हणतों ती नेमकी कोणती, हा प्रश्न फार थोड्यांस पडतो.

आमच्या घरीं तो गतवर्षीं पडला. मातोश्रींस रात्रीं झोप येईना. शेजारच्या काकूंनीं गोल पानांची ब्राह्मी दिली. वहिनींच्या माहेराहून आलेल्या ब्राह्मीचीं पानें मात्र चिमुकलीं व जाड. आपलीच ब्राह्मी खरी, असा दोन्ही पक्षांचा आग्रह! अखेर वैद्यांनीं उलगडा केला. पेरापेरास मुळें सोडीत पसरणारी, लांब देठांच्या व कातरलेल्या कडांच्या गोलसर पानांची ती मंडूकपर्णी. मराठींत तिला कारिवणा असेंहि म्हणतात आणि ती कोथिंबिरीच्या कुळांतील आहे. समोरासमोर लहान मांसल पानें, फिकट निळसर-पांढरीं फुलें व कडू चव असलेली ती जलब्राह्मी. केंद्र सरकारच्या आयुर्वेदीय औषधसंहितेंत ब्राह्मी म्हणून हीच मानिली आहे. तरी पहिलीस गौण लेखूं नये. चरकसंहितेंतील चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस आहे. दोन्ही वनस्पति उपयुक्त, परंतु भिन्न आहेत, एवढें ध्यानीं धरून कुंडीवर नांव लिहून ठेवावें.

लागवड सोपी आहे. उथळ, पसरट कुंडींत माती व कुजलेलें शेणखत घालून आषाढांत पेरासहित तुकडा लावावा. दोघींसहि ओल प्रिय. म्हणून वैशाखांत दुपारचें ऊन चुकवावें व दोन वेळां पाणी द्यावें. नदीकाठची अथवा ओढ्याकाठची ब्राह्मी मात्र तोडून आणूं नये. या वनस्पति पाण्यांतील व मातींतील शिसें, कॅडमियम यांसारखे जड धातु शोषून घेतात, आणि शहरांतून वाहणाऱ्या मुठेच्या पाण्याची स्थिति सर्वांस ठाऊक आहे. घरीं कुंडी राखण्याचें मुख्य कारण हेंच.

तेलासाठीं तिळाचें किंवा खोबऱ्याचें तेल १ भाग, पानांचा रस ४ भाग व वाटलेलीं पानें पाव भाग घेऊन मंद आंचेवर कढवावें. वात भिजवून पेटविली असतां तडतडली नाहीं, म्हणजे पाण्याचा अंश गेला असें समजावें. कर्नाटकांत मंडूकपर्णीच्या पानांची ताक घालून तंबळी करतात. तीहि रुचकर लागते.

आतां आमच्या हातून घडलेली चूक सांगतों. ब्राह्मी सुरू होतांच मातोश्रींनीं डॉक्टरांनीं दिलेल्या झोपेच्या गोळ्या आपण होऊन बंद केल्या, आणि आम्हीहि कौतुकानें मान डोलाविली. पुढील तीन रात्री त्यांनीं तळमळत काढल्या. हातहि कांपूं लागले. बरेच दिवस घेतलेल्या अशा गोळ्या एकाएकीं सोडावयाच्या नसतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळू उतरवावयाच्या असतात. निरोगी प्रौढांवरील कांहीं प्रयोगांत जलब्राह्मीचा स्मरणशक्तीवर थोडा परिणाम दिसला, पण तो सुमारें १२ आठवडे नियमित घेतल्यावर. परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत मुलांना रस पाजून कांहीं साधत नाहीं, हें यावरून उघड आहे. शिवाय जलब्राह्मीनें कित्येकांस मळमळ होते, तर मंडूकपर्णीनें क्वचित् यकृतास अपाय झाल्याचें नमूद आहे. गर्भवती स्त्रिया, लहान मुलें व अन्य औषधें चालू असलेलीं माणसें यांनीं वैद्य-डॉक्टरांस विचारल्यावांचून ती पोटांत घेऊं नये.

मातोश्रींच्या गोळ्या पुढें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं तीन महिन्यांत निम्म्यावर आल्या. सायंकाळीं त्या स्वतः दोन्ही कुंड्यांस पाणी घालतात व रात्रीं नात त्यांच्या माथ्यावर तेल चोळते. गुण तेलाचा किती व नातीच्या हाताचा किती, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. आमच्या वाचकांनीं मात्र दोन्ही करून पाहावें.