जाणता अडत्या आणि सावध चित्रकार

करवीरच्या चित्रपरंपरेला आश्रयदाते लाभले, गुरू लाभले, चित्रासमोर क्षणभर थबकणारा रसिकही लाभला. लाभला नाही तो चित्रविक्रीचा व्यवसाय मानाने करणारा आणि चित्रकाराचा हिशेब चोख ठेवणारा जाणता अडत्या. आमच्या कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू छत्रपतींनी, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेल्या आबालाल रहिमान यांना दरबारचा आश्रय दिला, आणि त्या आश्रयाच्या सावलीत रंकाळ्याच्या व कोटितीर्थाच्या काठावर निसर्गचित्रणाची एक स्वतंत्र शाखा या भूमीत रुजली. १९२२ साली महाराज निवर्तले तेव्हा शोकाकुल आबालालांनी आपली कित्येक चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी आख्यायिका येथील पेठांतून आजही सांगितली जाते. तिच्यातील तथ्यांश कितीही असो, एका धन्याबरोबर एका चित्रकाराचा सारा संसार बुडावा यात ऐकणाऱ्याला कधी नवल वाटले नाही, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. कारण त्या धन्याखेरीज ती चित्रे घेणार कोण, हा प्रश्न तेव्हाही कोणाला पडला नव्हता.

आबालालांच्या मागून आलेल्या पिढीने दरबाराऐवजी रंगभूमीचा आणि पुढे चित्रपटाचा आधार शोधला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. आनंदरावांच्या अकाली मृत्यूनंतर बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारून १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. या मंडळींचा चरितार्थ पडद्यांवर, फलकांवर, व्यक्तिचित्रांच्या मागणीवर आणि शिकवणीवर चालला; अंतःकरणाच्या ओढीने काढलेले निसर्गचित्र मात्र स्नेह्यांना भेट म्हणून गेले किंवा घराच्या माळ्यावर पडून राहिले. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन यांसारख्या संस्थांतून शिकून बाहेर पडणाऱ्या आणि कागल, भुदरगड, राधानगरी या तालुक्यांतील गावागावांतून राहणाऱ्या आजच्या तरुण चित्रकाराची अवस्थाही याहून फारशी निराळी नाही. तो शाळेत कलाशिक्षकाची नोकरी करतो, लग्नसराईत आणि निवडणुकीत फलक रंगवितो, आणि वर्षभर साठविलेली चित्रे घेऊन हिवाळ्यात एखादे दालन गाठतो.

हे दालन कोणत्या जातीचे आहे, याची चौकशी मात्र तो क्वचितच करतो, आणि आमच्या मते साऱ्या गैरसमजाचे मूळ येथेच आहे. कोल्हापुरात दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाचे कलादालन किंवा १९५२ साली मुंबईत उघडलेली जहांगीर आर्ट गॅलरी ही सार्वजनिक दालने होत. तेथे चित्रकाराने भाडे भरावयाचे, निमंत्रणपत्रिका छापावयाच्या, चौकटी करून आणावयाच्या, आठवडाभर स्वतः बसून येणाऱ्या-जाणाऱ्यास नमस्कार करावयाचा, आणि मुदत संपताच उरलेली चित्रे टेम्पोत घालून घरी न्यावयाची. चित्र विकले काय किंवा न विकले काय, दालनाचा त्यात लाभ नाही आणि तोटाही नाही. या व्यवस्थेत दोष नाही, परंतु तिने चित्रकाराला भिंत मिळते, गिऱ्हाईक मिळत नाही.

व्यापारी दालनाची गोष्ट याहून भिन्न आहे. ते सामान्यतः भाडे घेत नाही, विक्रीच्या रकमेतून अडत घेते. ही अडत पुष्कळ ठिकाणी किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जाते, आणि ती ऐकून नवख्या चित्रकाराच्या कपाळावर आठी उमटते. त्या अडतीच्या मोबदल्यात दालनाने जर चित्रकाराची किंमत वर्षानुवर्षे सांभाळली, संग्राहकांशी संबंध राखले, प्रदर्शन उतरल्यावरही चित्रे दाखवीत राहिले आणि कोणते चित्र कोणाकडे गेले याची नोंद ठेवली, तर निम्मी रक्कमही अन्यायाची म्हणता येणार नाही. आणि यांपैकी काहीच केले नाही, तर दहावा हिस्सादेखील अधिकच होय. मुंबईत केकू गांधी यांनी आरंभी चौकटी बनविण्याचा धंदा केला, त्या दुकानात त्या काळच्या तरुण चित्रकारांची चित्रे मांडली, आणि पुढे १९६३ साली जहांगीरच्याच इमारतीत ‘गॅलरी केमोल्ड’ सुरू केली. दोन दशकांच्या त्या परिचयातून जो विश्वास जमला, त्याच्या पायावरच ते दालन उभे राहिले. आज जिल्ह्याच्या गावांतूनही चौकटवाले, गृहसजावट करणारे आणि हॉटेलांचे मालक भिंती रंगवून, दिवे लावून दालने मांडू लागले आहेत. त्यांचे आम्ही स्वागतच करतो, परंतु हा धंदा दिव्यांवर चालत नसून दप्तरावर चालतो, हे त्यांना आणि आमच्या वाचकांना सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बिद्रीत राहून हे लिहिताना एक विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. येथील शेतकरी दूधगंगा-वेदगंगा कारखान्याला ऊस घालतो तेव्हा गाडी आधी वजनकाट्यावर जाते आणि त्याच्या हाती पावती पडते. ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत रास्त दराने पैसे चुकते व्हावेत आणि विलंब झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आणि हा नियम कोठे मोडला तर शेतकऱ्यांच्या संघटना रस्त्यावर उतरतात. त्याच शेतकऱ्याचा चित्रकार मुलगा पंचवीस-तीस चित्रे एखाद्या दालनाच्या स्वाधीन करतो तेव्हा मात्र त्याच्या हाती कागदाचा कपटाही नसतो. चित्रांची यादी नाही, किंमत ठरलेली नाही, परत करण्याची मुदत नाही, आणि सहा महिन्यांनी चौकशी केली असता ‘पाहू, गिऱ्हाइकाचे पैसे यायचे आहेत’ एवढेच उत्तर पदरी पडते. तगादा लावणे त्याला कलावंताच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणारे वाटते.

वास्तविक कायदा त्याच्या बाजूस आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाप्रमाणे दुसऱ्याच्या वतीने माल विकणाऱ्या प्रतिनिधीने मागणी होताच हिशेब दाखविणे आणि मालकाच्या वतीने वसूल केलेली रक्कम, आपले कायदेशीर येणे वजा करून, त्याच्या हवाली करणे बंधनकारक आहे. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाप्रमाणे चित्र विकले गेले तरी त्याचा प्रताधिकार आपोआप विकला जात नाही. तो लेखी दस्तऐवजाने दिला तरच जातो, आणि एरवी चित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे त्याचा किंवा त्याच्या वारसांचा राहतो. तेव्हा दालनाने किंवा संग्राहकाने ते चित्र दिनदर्शिकेवर छापावयाचे ठरविल्यास चित्रकाराची अनुमती घेतलीच पाहिजे. त्याच अधिनियमाच्या ५३-अ या कलमान्वये मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस झाल्यास चित्रकाराला त्या रकमेत १० टक्क्यांपर्यंत हिस्सा मागता येतो. पुस्तकातील हे कलम व्यवहारात उतरलेले क्वचितच दिसते, याचे एक कारण असे की पुनर्विक्री कोठे झाली हे कळण्यास मूळ विक्रीची नोंद लागते, आणि ती नोंद कोणी ठेवलेलीच नसते.

पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ मधील ‘ग्रामयात्रा’ हे चित्र २०२५ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले, हे वृत्त वाचून आमच्या काही तरुण मित्रांनी आपल्या चित्रांच्या किमती एका रात्रीत वाढविल्याचे आम्ही ऐकतो. त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ते चित्र एका परदेशस्थ डॉक्टरांनी १९५४ सालीच विकत घेतले होते आणि नंतर दशकानुदशके ते ऑस्लोच्या रुग्णालयात टांगलेले होते. लिलाव झाला तेव्हा चित्रकाराला जाऊन जवळजवळ चौदा वर्षे लोटली होती. लिलावाची किंमत ही संग्राहकांच्या आपसांतील स्पर्धेची किंमत असते. जिवंत चित्रकाराची किंमत त्याच्या दालनात, हळूहळू आणि सातत्याने ठरत असते.

आणि हे सातत्य बिघडविण्याचे पाप पुष्कळदा चित्रकाराच्याच माथी येते, हे आमच्या व्यवसायबंधूंना स्पष्ट शब्दांत सांगणे आमचे कर्तव्य आहे. दालनात चाळीस हजारांना लावलेले चित्र पाहून गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी चित्रकाराच्या घरी येते, आणि चित्रकार अडत वाचल्याच्या आनंदात तशाच आकाराचे दुसरे चित्र त्याला बावीस हजारांना देऊन मोकळा होतो. त्या एका व्यवहाराने दालनाचा विश्वास जातो, आधी पूर्ण किमतीने घेणाऱ्या संग्राहकाची फसवणूक होते, आणि आपली खरी किंमत बावीस हजारच आहे असे चित्रकार स्वतःच जाहीर करून बसतो. घरची आणि दालनाची किंमत एकच असावी, आणि दालनाने आणलेल्या गिऱ्हाइकाची विक्री घरी झाली तरी त्यावरील अडत दालनाला पोहोचती करावी, हा शिरस्ता पाळल्याशिवाय जिल्ह्याच्या गावात एकही दालन दोन-तीन वर्षांपलीकडे टिकणार नाही.

म्हणून या हंगामात दालनाच्या पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येक चित्रकाराने दोन प्रतींत एक साधी यादी न्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. तीत प्रत्येक चित्राचे नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि किंमत असावी. अडतीचे प्रमाण, सवलत द्यावयाची झाल्यास ती कोणाच्या हिश्शातून, ने-आणीचा व नुकसानीचा खर्च कोणाकडे, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, न विकलेली चित्रे कोणत्या तारखेस परत आणि गिऱ्हाइकाचे नाव चित्रकारास कळविले जाईल की नाही, एवढी कलमे तीत असावीत. आणि खाली उभयतांच्या सह्या व्हाव्यात. यासाठी वकील लागत नाही, मुद्रांकाच्या कागदावाचूनही आरंभ करता येतो. सही करावयास मागेपुढे पाहणाऱ्या दालनात चित्रे ठेवण्यापेक्षा भाडे भरून सार्वजनिक दालनात आठवडाभर बसणे अधिक हिताचे, कारण तेथे निदान चित्रे कोठे आहेत हे तरी ठाऊक असते.