दोशींच्या वास्तूंसाठी एक दिवस

अहमदाबादला जाणारी व्यापारी कुटुंबे बहुधा लग्नकार्य, दर्शन आणि कापडखरेदी उरकून परततात. त्याच फेरीत एक दिवस वाढविला, तर वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांचे काम निवांतपणे पाहता येते. दोशींचा जन्म पुण्याचा, १९२७ सालचा. घरचा व्यवसाय फर्निचरचा. ल कॉर्बुझिए यांच्याकडे पॅरिसला उमेदवारी करून ते त्यांच्या इमारतींच्या देखरेखीसाठी अहमदाबादला आले आणि तेथेच राहिले. २०१८ साली प्रित्झकर पारितोषिक मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले.

पहिला प्रश्न वाराचा. रविवार सोयीचा खरा. परंतु या बहुतेक वास्तू म्हणजे चालत्या संस्था आहेत आणि सुट्टीच्या दिवशी फाटकावरूनच परतावे लागण्याचा संभव अधिक. सोमवारी संग्रहालये बंद असतात. तेव्हा पेढीचा एक कामाचा दिवस खर्ची घालावाच लागतो. तो वाया जात नाही. दोशींचे स्वतःचे कार्यालय ‘संगाथ’ पाहण्यासाठी आधी परवानगी घ्यावी, आणि तेथील वेळ ठरल्यावरच बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवावा.

सकाळ मात्र लालभाई दलपतभाई भारतीय विद्यामंदिरासाठी राखावी. शेठ कस्तुरभाई लालभाई यांनी उभारलेल्या या संस्थेत मुनी पुण्यविजयजींनी दिलेला हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. अहमदाबादचा उन्हाळा हा जुन्या पोथ्यांचा शत्रू. दोशींनी १९६२ च्या सुमारास या इमारतीचा खालचा मजला अर्धा जमिनीत घेतला, तो याचसाठी. मातीच्या आधाराने तेथे गारवा राहतो आणि झिरपत येणारा उजेड पोथ्यांवर थेट पडत नाही. वरचे खोल व्हरांडे पाहून जुन्या उपाश्रयाची आठवण व्हावी. तळघरात धान्य वा माल साठविलेल्या घरातील वडीलधाऱ्यांना ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. बांधकामाचा खर्च तोलताना आत काय ठेवायचे आहे याचा इतका विचार आज क्वचितच होतो!

तेथून जवळच सेप्ट विद्यापीठ. त्याचा आरंभ दोशींनी १९६२ मध्ये वास्तुकला विद्यालय काढून केला. विटांच्या भिंती, उत्तरेचा प्रकाश आणि इमारतीखालची मोकळी जागा एवढे पाहिले तरी पुरे. लागूनच ‘अमदावाद नी गुफा’ आहे. जमिनीखालच्या या दालनात एम. एफ. हुसेन यांची चित्रे भिंतींवरच रंगविलेली आहेत. उतरती जमीन आणि तिरपे खांब मुलांना आवडतील. गुडघेदुखी असलेल्यांनी जपून उतरावे. ती उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी.

‘संगाथ’च्या अर्धगोल छपरांवर चिनीमातीच्या फुटक्या तुकड्यांचा पांढरा थर आहे. ऊन परतविण्यासाठी टाकाऊ मालाचा याहून चांगला उपयोग सापडणे कठीण.

हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी जेवण उरकूनच शेवटच्या टप्प्याला, म्हणजे आश्रम रोडवरील कॉर्बुझिएंच्या गिरणीमालक संघाच्या इमारतीकडे निघावे; ती आतून पाहायची असल्यास मात्र कचेरीच्या वेळेत, दुपारीच जावे.