कुऱ्हाडीचा गर्व : संदेष्ट्यांची वाणी आणि मराठी वाचक

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या जुन्या अरुंद लोहमार्गाला अभनपूर येथे राजिमचा फाटा फुटत असे. एका वाटेच्या शेवटी राजीवलोचनाचे प्राचीन विष्णुमंदिर, तर दुसरीच्या शेवटी धमतरी, जेथे १८९९ साली, दुष्काळाच्या छायेत, अमेरिकन मेनोनाइट मिशनचे कार्य सुरू झाले. अभनपूरच्याच परिसरातील चंपारण्य हे वल्लभाचार्यांचे जन्मस्थान मानले जाते, आणि याच छत्तीसगडात गुरू घासीदासांनी मूर्तिपूजेचा निषेध करून सतनामाचा उपदेश केला. मूर्तीविषयीच्या इतक्या भिन्न धारणा एवढ्याशा टापूत एकत्र नांदत असताना, मूर्ती आणि मानवी अहंकार यांचे नाते काय, हा प्रश्न येथे केवळ ग्रंथगत राहत नाही. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांच्या अमलाखाली आलेल्या या प्रदेशाशी मराठीचा संबंधही जुना आहे. म्हणूनच बायबलमधील संदेष्ट्यांची वाणी मराठीने कशी वाचली, याचा विचार येथून करणे अप्रस्तुत ठरू नये.

मराठीत या वाणीचा प्रवेश बराच लवकर झाला. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराची कथा ओवीबद्ध झाली आहे. तेथे जुन्या कराराचे प्रयोजन मुख्यतः तारकाच्या आगमनाची पूर्वसूचना हे आहे. पुढे भाषांतरकारांनी ‘भविष्यवादी’ ही संज्ञा वापरली आणि हाच अर्थ दृढ झाला. भविष्य सांगणारा म्हटला की मराठी मनापुढे पंचांग आणि कुंडली उभी राहते. वस्तुतः हिब्रू परंपरेतील ‘नाबी’ हा प्रथमतः ईश्वराचा शब्द घेऊन राजापुढे आणि प्रजेपुढे उभा राहणारा मनुष्य होय. उद्याची वार्ता तो सांगतो ती आजच्या वर्तनाचा परिणाम म्हणून. मागाहून रूढ झालेला ‘संदेष्टा’ हा शब्द या दृष्टीने अधिक सार्थ आहे.

एकोणिसाव्या शतकात दुसरी अडचण निर्माण झाली. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांच्यात झालेल्या वादापासून मूर्तिपूजा हा धर्मवादाचा एक प्रमुख मुद्दा बनला. मूर्तिनिषेधाची बायबलमधील परंपरा परधर्माविरुद्धचे शस्त्र म्हणून पुढे आली, आणि प्रतिपक्षाने साहजिकच ढाल उचलली. या रणधुमाळीत एक गोष्ट दोन्ही पक्षांच्या नजरेआड झाली. संदेष्ट्यांचा पहिला प्रहार परक्यांवर नव्हता. तो स्वकीयांवर होता.

यशयाच्या ग्रंथातील सुताराचे चित्र प्रसिद्ध आहे. एकाच लाकडाच्या अर्ध्या भागावर तो भाकरी भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव घडवून त्यास शरण जातो. या उपहासाचे मर्म लाकडात नाही. मनुष्य स्वतःच्या कृतीलाच नमस्कार करतो, यात ते आहे. म्हणूनच त्याच ग्रंथात मूर्तींच्या जोडीला उंच बुरूज, तटबंदी आणि तार्शीशची जहाजे यांचीही गणना होते. जगज्जेत्या अश्शूराला तेथे विचारले जाते की, कुऱ्हाडीने ती चालवणाऱ्यापुढे फुशारकी मारावी काय? दानिएलाच्या ग्रंथातील नबुखद्नेस्सर आपण वसवलेली बाबेल नगरी न्याहाळून धन्यता मानतो, आणि त्याच क्षणी त्याचे माणूसपण हिरावले जाऊन तो गवत खाऊ लागतो. या सर्व प्रसंगी मूर्ती हे गर्वाचे एक रूप आहे. गर्व मात्र मूर्तीवाचूनही जगतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, हे सारे रूपकात विरघळवणे म्हणजे ग्रंथावर अन्याय होय, कारण संदेष्ट्यांना प्रत्यक्ष मूर्तीही नकोच होत्या. आक्षेप खरा आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. तथापि त्याच परंपरेतील दोन प्रसंग त्याच्या शेजारी ठेवले पाहिजेत. मोशेने घडवलेला पितळेचा सर्प, लोक त्यापुढे धूप जाळू लागले तेव्हा, हिज्कीया राजाने फोडून टाकला. आणि यिर्मया तर यरुशलेमच्या मंदिराच्या दारात उभा राहून बजावतो की, अनाथ, विधवा आणि परदेशी यांना नाडणाऱ्यांनी या मंदिराच्या भरवशावर राहू नये. ज्या मंदिरात देवाची मूर्ती नव्हती, त्याचाच भरवसा येथे मूर्तीसारखा ठरला. तेव्हा मूर्ती नसणे ही नम्रतेची ग्वाही नव्हे, हे खुद्द संदेष्टेच सांगतात. मूर्तिभंजकाचा अभिमान त्यांच्या वाणीतून सुटत नाही.

ही अंतर्मुख दिशा मराठीत प्रथम ठळकपणे दिसते ती नारायण वामन टिळकांपाशी. १८९३ साली राजनांदगावच्या, म्हणजे याच छत्तीसगडच्या, रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यांचे मन वेधले ते गिरिप्रवचनाने, आणि त्या प्रवचनाचा आरंभच आत्म्याने दीन असलेल्यांच्या धन्यतेने होतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही तुकोबांचा अभंग त्यांनी सोडला नाही. देवापाशी लहानपण मागणाऱ्या वारकरी वाणीत आणि देवाबरोबर नम्रतेने चालण्याची अपेक्षा सांगणाऱ्या मीखाच्या वाणीत त्यांना दुरावा वाटला नसावा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळावरून केलेले बायबलचे संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. साध्या माणसाला कळेल अशी मराठी त्यात त्यांनी हेतुपुरस्सर योजिली. दीनांचा कैवार घेणाऱ्या ग्रंथाची भाषाही दीनांना परकी असू नये, हा त्यामागील विवेक आजही मोलाचा आहे.

असे असूनही मराठी साहित्यविचारात संदेष्ट्यांच्या ग्रंथांना अद्याप स्थान नाही. संतकाव्याचा अभ्यासक त्यांना परधर्माचे म्हणून वगळतो, तर धर्मशास्त्री त्यांच्याकडे भाकितांचा साठा म्हणून पाहतो. तकोवाचा मेंढपाळ आमोस इस्राएलच्या राजाच्या पूजास्थानी जाऊन धनिकांचे सण आणि गायन धिक्कारतो. त्याची वाणी दांभिकांवर तुटून पडणाऱ्या तुकोबांच्या अभंगांशेजारी ठेवून वाचली जावी. साम्यापुरतेच नव्हे, भेदासाठीही. चंपारण्याच्या पुष्टिमार्गात सेव्य विग्रहाला मूर्ती न म्हणता स्वरूप म्हणतात आणि भक्ताकडून दैन्याची अपेक्षा करतात. यशयाचा प्रश्न त्यालाही विचारता येईल, आणि त्याचे उत्तरही ऐकून घ्यावे लागेल. परंतु विचारणाऱ्याने आधी आपल्या हातातील कुऱ्हाडीकडे पाहावे, एवढी अट संदेष्ट्यांनीच घालून ठेवली आहे.