मुके ते नव्हेत, अडाणी आपण आहोत!

दरवर्षी २३ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन पाळला जातो. फलक लागतात, मंत्र्यांचे संदेश येतात आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१७ साली हा दिवस जाहीर केला. पण त्याने आपल्या तहसील कचेरीत, सरकारी दवाखान्यात, पोलीस ठाण्यात काय बदलले, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला पुस्तक वाचून पडला नाही. आमच्या वस्तीतील एक कर्णबधिर तरुण दाखला काढायला गेला, तेव्हा मी सोबत होतो. खिडकीवरचा कारकून त्याच्याकडे न पाहता मला विचारू लागला, "याला काय पाहिजे?" अर्ज त्याचा, सही त्याची, हक्क त्याचा, उत्तर मात्र मी द्यायचे! त्याची भाषा मलाही येत नव्हती. मी अंदाजाने बोललो, अर्जात चूक झाली आणि त्या पोराची आणखी दोन दिवसांची मजुरी बुडाली. त्यानंतर मी सांकेतिक भाषेच्या वर्गात नाव घातले.

शिकवणारे गुरुजी स्वतः कर्णबधिर. पहिला तासभर वर्गात एक शब्द उच्चारला गेला नाही. माझ्याजवळ आवाज होता, पण त्याचा उपयोग शून्य होता. साधे "पुन्हा दाखवा" एवढेही मला सांगता येईना. त्या खोलीत मुका मीच होतो.

या खुणा म्हणजे मराठीची हातांनी केलेली नक्कल, असा माझा समज होता. तो लवकरच गळून पडला. मराठीत आपण "तू कुठे राहतोस?" म्हणतो, भारतीय सांकेतिक भाषेत "कुठे" शेवटी येते. नकारही शेवटी येतो. भुवया उंचावल्या की तेच वाक्य प्रश्न होते. मी निर्विकार चेहऱ्याने खुणा करी, तेव्हा गुरुजी हसत. कारण माझा प्रश्न त्यांना प्रश्न वाटतच नसे. ज्या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, तिला "हातवारे" म्हणून हिणवणे हे अज्ञान आहे.

हे अज्ञान आपोआप आलेले नाही. १८८० साली इटलीतील मिलान येथे शिक्षकांच्या परिषदेने ठराव केला की, कर्णबधिर मुलांना खुणांऐवजी तोंडी बोलण्यानेच शिकवावे. ठराव करणाऱ्यांत कर्णबधिर जवळजवळ नव्हतेच. ज्यांचे आयुष्य, त्यांनाच निर्णयातून वगळायचे, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही! त्या ठरावांचा धिक्कार व्हायला २०१० साल उजाडावे लागले. मधल्या काळात कित्येक शाळांतून मुलांच्या हातांवर बंदी राहिली.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ५० लाखांहून अधिक लोकांना श्रवणदोष आहे. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. म्हणजे घरातच त्यांची भाषा कोणाला येत नाही. पैसेवाला शहरात खास शाळा शोधतो. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या आईने काय करावे? तिचे लेकरू शाळेत जाण्याआधीच भाषेला मुकते, आणि भाषेवाचून शिक्षण कसले?

कायदे नाहीत असे नव्हे. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. २०२१ पर्यंत त्याच्या शब्दकोशात १०,००० शब्द जमा झाले. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलाने दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजात भाग घेतला. सर्वोच्च न्यायालयात जे होऊ शकते, ते तालुक्याच्या कचेरीत का होऊ नये?

बाबासाहेबांनी १९२० साली पत्र काढले, त्याचे नाव "मूकनायक" ठेवले. तो समाज जन्मतः मुका नव्हता. त्याचे ऐकायला व्यवस्था तयार नव्हती. कर्णबधिरांना सरसकट "मुके" म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा अर्थ विसरू नये. त्यांची भाषा आहे, ती समजून घेण्याची आपली तयारी नाही.

भारतीय सांकेतिक भाषेला आठव्या अनुसूचीत स्थान द्यावे, ही मागणी रास्तच आहे. पण तेवढ्याने खिडकीवरचा कारकून बदलणार नाही. प्रत्येक तालुक्याला दुभाषी नेमावा. शिक्षक, परिचारिका व पोलीस यांच्या प्रशिक्षणात ही भाषा सक्तीची करावी. ती शिकवायला कर्णबधिर शिक्षकच नेमावेत, म्हणजे त्यांना रोजगारही मिळेल. आजवर शिकण्याचा सारा भार कर्णबधिरांनी उचलला. आता ऐकू येणाऱ्यांनी शिकायची पाळी आहे.

तो तरुण आता भेटला की मी मोडक्यातोडक्या खुणांनी विचारतो, जेवलास का? तो आधी माझी चूक दुरुस्त करतो, मग उत्तर देतो.