तीस, आठ, तीन

अमेरिकेत हौशी रेडिओच्या पहिल्या पायरीचा, म्हणजे टेक्निशियन या श्रेणीचा, परवाना मागणाऱ्या उमेदवारापुढे चारशेहून अधिक प्रश्नांची एक प्रश्नपेढी उत्तरांसकट आगाऊच खुली केलेली असते. तिच्यातूनच ३५ प्रश्न परीक्षेत येतात, प्रत्येकाखाली चार पर्याय असतात, आणि २६ उत्तरे बरोबर आली की सनद पदरात पडते. या पेढीत ओहमच्या नियमावरची काही गणिते आहेत. ९० व्होल्ट दाबाला ३ अँपिअर प्रवाह वाहतो तर रोध किती. १२ व्होल्टला दीड अँपिअर तर किती. आणि १२ व्होल्टलाच ४ अँपिअर तर किती. उत्तरे अनुक्रमे ३०, ८ आणि ३ ओहम. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, एवढे एक वाक्य ज्याला उमगले त्याला यांतले एकही उत्तर लक्षात ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. आणि तरीही ‘तीस, आठ, तीन’ अशी तीन सुटी उत्तरे तोंडपाठ करून परीक्षेस रुजू होणारे महाभाग तेथे आहेतच. श्रम वाचावेत म्हणून पत्करलेल्या मार्गाने श्रम तिप्पट व्हावेत, हे या खटाटोपाचे पहिले वैगुण्य.

या घोकंपट्टीचेही एक तंत्र आहे. फक्त बरोबर उत्तरे पुनःपुन्हा वाचावीत, चुकीच्या तीन पर्यायांकडे ढुंकूनही पाहू नये, म्हणजे परीक्षेच्या दिवशी चारांतले ओळखीचे वाक्य तेवढे डोळ्यांत भरते. पर्यायांचा क्रम उलटापालटा केला तरी ओळख चुकत नाही. युक्ती नामी आहे यात शंका नाही, परंतु तिने सिद्ध होते ते इतकेच, की उमेदवाराने ते वाक्य पूर्वी पाहिले होते. दहावीच्या दिवसांत अपेक्षित प्रश्नसंचांच्या चळती ज्याने दुकानांत पाहिल्या आहेत, त्या मराठी वाचकाला या विद्येचा परिचय नव्याने करून द्यायला नको.

दोष खुल्या प्रश्नपेढीचा, असा निवाडा जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, सहज करून टाकतात. इतिहास मात्र त्यास पुष्टी देत नाही. १९७० च्या दशकात हे प्रश्न सरकारी दप्तरात कुलूपबंद असत, तेव्हा परीक्षा देऊन बाहेर पडणाऱ्यांना गाठून, त्यांना आठवतील ते प्रश्न उतरवून घेऊन, त्यांची पुस्तके विकण्याचा धंदा तेथे राजरोस चालला होता. १९८४ पासून परीक्षा स्वयंसेवक परीक्षकांकडे गेल्या आणि पुढे प्रश्नही उघड झाले, त्यामुळे फार तर चोरवाटेचा हमरस्ता झाला. आणि ज्या काळी पर्याय नसून आकृत्या काढाव्या लागत, त्या काळीही सुपरहेटरोडाइन रिसीव्हरची आकृती चित्रासारखी गिरवून येणारे नव्हते, असे शपथेवर कोण सांगेल?

पाठांतराची सरसकट निंदा करणे हाही अन्यायच. मोर्सची अट अमेरिकेने २००७ मध्ये काढून टाकली, तरी ज्याला ती लिपी शिकायची आहे त्याने ती कानानेच मुखोद्गत केली पाहिजे. ‘डाऽ डि डाऽ’ ऐकताच हाताने के लिहिला पाहिजे, कारण लघुदीर्घांची मोजदाद करीत बसणाऱ्याचे पुढचे अक्षर तोवर निघून गेलेले असते. क्यूटीएच, क्यूएसएल यांसारखे संकेत, ध्वनिवर्णमाला, कोणत्या पट्ट्यात कोठवर बोलण्यास मुभा आहे त्याच्या मर्यादा, हे सारे संकेताचे आणि कायद्याचे प्रांत आहेत. तेथे समजून घेण्याजोगे फारसे काही नसते, स्मरणच कामाला येते. आमचा आक्षेप आहे तो, जेथे कार्यकारणभाव आहे तेथेही तो बाजूला सारून केवळ अंतिम आकडा उचलण्याला.

कारण ही सनद इतर सनदांसारखी नाही. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनी हौशी सेवेची व्याख्याच स्वशिक्षण, परस्परसंपर्क आणि तांत्रिक अन्वेषण या हेतूंनी केली आहे. मोबाइल वापरणाऱ्याला त्याच्या आतल्या ट्रान्समीटरला हात लावण्याची परवानगी नसते. हॅमला मात्र घरच्या टेबलावर ट्रान्समीटर जुळवून तो हवेत बोलका करण्याचा अधिकार राज्य बहाल करते. म्हणजे शिक्षण संपले म्हणून हा परवाना मिळत नाही, ते सुरू करता यावे म्हणून मिळतो. आणि म्हणूनच ज्याने उत्तरे पाठ करून तो मिळवला त्याला गच्चीवर पहिल्याच दिवशी अडचण येते.

७.१ मेगाहर्ट्झसाठी डायपोल, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीच्या तारेचा अँटेना, बांधायचा आहे असे समजा. १४३ ला ७.१ ने भागले की २० मीटरांहून किंचित अधिक लांबी येते, हे पाठांतरवाल्यालाही ठाऊक असते. तो घरच्या वायरिंगची प्लॅस्टिकच्या वेष्टणाची वायर आणतो, बरोबर मापाने कापतो, टांगतो. आणि मेळ बिघडेल तसा चढणारा एसडब्ल्यूआर मीटरचा काटा ७.० वरून ७.२ कडे जाता जाता चढतच राहतो. आता सूत्र तर बरोबर होते! ज्याला त्या १४३ चे मूळ माहीत आहे, म्हणजे अर्धी तरंगलांबी १५० भागिले वारंवारता एवढी असते आणि तारेची जाडी व टोकांचा परिणाम यांपायी ती सुमारे पाच टक्के आखूड घ्यावी लागते हे ज्याला समजले आहे, तो विचार करतो की हा हिशेब उघड्या तारेचा. वेष्टणामुळे आणखी दोनतीन टक्के उणे करायला हवेत. शिवाय काटा वरच्या बाजूला चढतो आहे त्या अर्थी अँटेनाचा मेळ पट्ट्याच्या खाली कोठेतरी बसला आहे, अर्थात तार लांब आहे. मग तो दोन्ही टोकांकडून बोटभर, वीतभर असे करीत, दर खेपेस मीटर पाहत, शेवटी फूटभराच्या आसपास कापतो आणि काम होते. पाठांतरवाला मात्र सेट बिघडला म्हणतो, दुकानदाराला दूषणे देतो आणि बहुधा एक महागडा ट्यूनर विकत घेतो.

यावर असे सांगण्यात येते की संकटकाळी उपयोगी पडणारे हॅम जितके अधिक तितके बरे, तेव्हा दार सैल असावे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे दळणवळण कोलमडले, तेव्हा पोर्ट ब्लेअरला आधीच हौशी केंद्र चालवीत असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोपांची वाहतूक सुरू केली, हे उदाहरण त्यासाठी पुढे केले जाते. पण ते उदाहरण संख्येचे नव्हे. परक्या जागी केंद्र उभारून ते चालते ठेवण्याचा सराव ज्यांच्या हाताला होता, त्यांचे ते काम.

आपल्या भारतीय नियमांनी बाराव्या वर्षापासून या परीक्षेस बसू दिले आहे, ते योग्यच आहे, आणि बारा वर्षांच्या पोराने पहिली श्रेणी घोकून पार केली तर त्याला कोणी हिणवू नये. त्या वयात दार उघडणे महत्त्वाचे, कळणे मागाहून येते. वरच्या श्रेणीसाठी मात्र गणितांतले आकडे दर परीक्षेस बदलावेत, आणि लेखी परीक्षेनंतर दहा मिनिटांची तोंडी परीक्षा घ्यावी, जीत परीक्षक तीन वारंवारतांवरची मीटरची तीन वाचने उमेदवारापुढे ठेवील आणि तार कापायची की जोडायची, आणि का, एवढेच विचारील. परीक्षकांचा वेळ जाईल ही हरकत येणारच. ती आम्हांला मान्य आहे, आणि तो वेळ जावा असेच आमचे म्हणणे आहे.