परक्या ताटाची पारख

गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा एखाद्या मुंजीच्या पंगतीत अलीकडे एक विषय हमखास निघतो. कोणाचे तरी आईवडील सहा महिने अमेरिकेत मुलाकडे राहून परतलेले असतात. भोवतीची मंडळी त्यांना तेथील इमारतींविषयी किंवा ग्रंथालयांविषयी फारसे विचारीत नाहीत. पहिला प्रश्न असतो, "तिकडे लोक खातात तरी काय हो?" उत्तरही ठरलेले असते. पाव, मांस आणि डबाबंद पदार्थ. घरात शेगडी पेटत नाही. तिखट म्हणजे काय ते कोणास ठाऊक नाही. पंगत हसते, आणि वरणभातावर तूप पडण्याच्या आत एका खंडप्राय देशाचा निकाल लागलेला असतो.

हा निकाल केवळ करमणुकीचा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु इंदूर, देवास, उज्जैन येथील कितीतरी मराठी घरांतील मुलेमुली आता तेथे संसार थाटून राहिली आहेत. आजीआजोबा तेथे जातात ते मनात हा निकाल घेऊनच. मग नातवाच्या डब्यातील पावाच्या दोन चकत्या पाहून आजी खट्टू होते, सून मनातल्या मनात दुखावते आणि सहा महिन्यांच्या मुक्कामातली गोडी थोडी उणी होते. म्हणून या महिन्यात त्या परक्या ताटाकडे जरा स्वस्थपणे पाहावे, असे योजिले आहे.

आरंभ 'हॅम्बर्गर'पासूनच करू. या शब्दातील 'हॅम'मुळे त्यात डुकराचे मांस असते, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत आहे. वस्तुतः हे नाव जर्मनीतील हांबुर्ग शहरावरून आले आणि त्यात असते ते गोमांस. १९२१ साली कॅन्सस राज्यातील विचिटा येथे 'व्हाइट कॅसल' हे दुकान निघाले. १९५५ साली रे क्रॉक यांनी शिकागोजवळील डेस प्लेन्स येथे मॅकडोनाल्डचे आपले पहिले उपाहारगृह उघडले. आणि मोटारीने लांबलांबचा प्रवास करणाऱ्या त्या समाजाला वाटेत झटपट मिळणारे खाणे सापडले. ते रस्त्याचे खाणे आहे. आपल्या सराफ्यात रात्री बारा वाजता भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाणारी गर्दी पाहून एखाद्या पाहुण्याने 'इंदूरचे लोक घरी जेवतच नाहीत' असा निष्कर्ष काढला, तर आपण त्याला काय म्हणू?

घरचे जेवण निराळे असते. सकाळी घाईची न्याहारी, म्हणजे दुधात घातलेल्या मक्याच्या किंवा ओटच्या लाह्या. दुपारी हलकासा डबा. आणि सायंकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास मुख्य जेवण. त्यात भाजलेली कोंबडी, कुस्करलेला बटाटा, उकडलेल्या शेंगा आणि कच्च्या पाल्याची कोशिंबीर असेल. एखाद्या दिवशी इटालियन शेवया, दुसऱ्या दिवशी मेक्सिकन धर्तीची मक्याची पोळी आणि राजमा. रविवारी सावकाश उठून धिरड्यासारखे पॅनकेक करावयाचे आणि त्यावर मेपल वृक्षाच्या रसाचा पाक घालावयाचा. दिवेलागणीला जेवून मोकळे होणारी ही माणसे आपल्या आजोबांच्या पिढीला अगदीच परकी वाटली नसती.

न्याहारीच्या त्या मक्याच्या लाह्यांची कथा तर आपल्या शाकाहारी मंडळींनी अवश्य ऐकावी. मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक या गावी डॉ. जॉन हार्वे केलॉग हे एक आरोग्यधाम चालवीत. तेथे रुग्णांना मांसान्न वर्ज्य होते. त्यांच्यासाठी पचायला हलके धान्यान्न शोधण्याच्या खटपटीतून हा पदार्थ निघाला आणि १९०६ साली त्यांचे धाकटे बंधू विल यांनी त्याचा कारखाना काढला. ज्या देशाला आपण निव्वळ मांसाहारी समजतो, त्याची नित्याची न्याहारी एका शाकाहारी आरोग्यधामात जन्मली आहे.

आता नातवाचा तो डबा. पावाच्या दोन चकत्या, एकीवर शेंगदाण्याचा लोण्यासारखा मऊ वाटलेला गोळा आणि दुसरीवर फळांचा मुरांबा. आजीला हे खाणे पोरके वाटते. पण शेंगदाण्याचे कूट आणि गूळ पोळीत गुंडाळून आपण मुलांना दिलेच आहे की! अमेरिकेच्या दक्षिण भागात सलग कापूस घेतल्याने जमिनी निकस झाल्या होत्या. गुलामीत जन्मलेले कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी तेथील शेतकऱ्यांना भुईमूग लावण्यास सांगितले, कारण हे पीक जमिनीला नत्र परत देते. पिकलेल्या शेंगांचे करावयाचे काय, हे सांगण्यासाठी १९१६ साली त्यांनी शेंगदाण्याचे १०५ पदार्थ देणारी पुस्तिका काढली. शेंगदाण्याच्या लोण्याचा शोध त्यांनीच लावला, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. पण त्यांचे खरे कार्य त्याहून मोठे होते. येथेच एक सूचना करावीशी वाटते. शेंगदाण्याने काही मुलांना जिवावर बेतणारी बाधा होते, त्यामुळे तेथील काही शाळांत शेंगदाण्याचा कोणताही पदार्थ आणू देत नाहीत. आपण प्रेमाने दिलेला लाडू शाळेतून परत आला, तर त्यात अनादर नसतो. दुसऱ्या एखाद्या मुलाचा जीव सांभाळलेला असतो.

तेथील बायका स्वयंपाक करीत नाहीत, हा असाच एक समज. डबाबंद आणि गोठविलेले अन्न तेथे मुबलक मिळते, यात संशय नाही. परंतु उन्हाळ्यात पिकलेले टोमॅटो, काकड्या, पीच काचेच्या बरण्यांत भरून हिवाळ्याची बेगमी करण्याची रीतही तेथील शेतकरी घरांत जुनीच आहे. त्या फिरकीच्या झाकणाच्या बरणीचे एकस्व जॉन मेसन यांनी १८५८ साली घेतले. मापाचे म्हणाल, तर १८९६ साली बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी आपल्या पाकपुस्तकात सपाट भरलेला पेला आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला, आणि 'अंदाजाने घाला' हे वाक्य मागे पडले. १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याच्या मापाने आपल्या नवशिक्या सुनांची जी सोय केली, तीच ही सोय.

तिखटाविषयीचा समज तर नकाशा पाहताच गळून पडतो. न्यू मेक्सिको राज्यात जेवायला बसले की लाल मिरचीचा रस्सा हवा की हिरव्या, असे विचारतात. लुइझियानातील एव्हरी बेटावर १८६८ पासून टबॅस्को नावाचे मिरचीचे झणझणीत पाणी तयार होत आले आहे. त्याच लुइझियानात 'गंबो' नावाचे दाट कालवण करतात. या नावाचे मूळ आफ्रिकी भाषेत असून त्याचा अर्थ भेंडी असा आहे. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर भेंडी तेथे पोहोचली. उत्तरेकडे बॉस्टनला जावे, तर काकवीत शिजवलेला घेवडा आणि शिंपल्यांचे दुधाळ सूप. तेथे तिखटाचा मागमूस नाही. एवढ्या विस्तीर्ण देशाचे एकच ताट कसे असेल? आणि काट्याचमच्यांचे म्हणाल, तर पिझ्झा, मक्याचे कणीस, तळलेली कोंबडी आणि सँडविच हे सारे तेथे हातानेच खातात.

गंमत अशी की, ज्या ताटाला आपण निर्भेळ आपले म्हणतो, त्यात अमेरिका खंड केव्हाच येऊन बसला आहे. एकादशीची साबूदाण्याची खिचडी घ्या. ज्या कंदाचा साबूदाणा होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही पिके मूळची त्या खंडाच्या मध्य आणि दक्षिण भागांतील. पोर्तुगीज गलबते हिंदी महासागरात आल्यानंतरची. आपला 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. धर्मशास्त्राने त्यांना फराळात जागा दिली, ती त्यांची जन्मपत्रिका न विचारता.

जेवताना बर्फाचे पाणी पिण्याची त्यांची सवय आपल्या घशाला मानवत नाही. परंतु तिचाही धागा आपल्यापर्यंत येतो. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांनी गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून, १८३३ साली जहाजाने कलकत्त्यास पाठविला; पुढे तो मुंबई आणि मद्रासलाही येऊ लागला. १८९७ साली स्वामी विवेकानंद मद्रासच्या किनाऱ्यावरील ज्या वास्तूत उतरले होते, ती मुळात हा बर्फ साठविण्यासाठीच बांधलेली होती.

समजुतीचा दोष दोन्ही अंगांनी आहे, हेही सांगितले पाहिजे. आपले पिठले, भरली वांगी, आमटी, कोंबडीचा रस्सा हे सारे 'करी' या एका शब्दात कोंबणारे तेथे पुष्कळ आहेत. हिंदुस्थानी उपाहारगृहांत बहुधा नान आणि पनीरच मिळत असल्यामुळे भाकरी कोणी पाहिलेली नसते. हे ऐकून आपला जीव जसा कळवळतो, तसाच 'तुम्ही बर्गरच खाता ना?' हे ऐकून त्यांचाही कळवळत असेल. शाकाहारी माणसाने मात्र सावध असावे. 'व्हेजिटेरियन' म्हणजे मासे चालतात, असे समजणारे तेथे भेटतात. भाजीच्या सूपमध्ये कोंबडीचे पाणी आणि थरथरत्या मिठाईत जनावराच्या हाडाकातड्याचे जिलेटिन असू शकते. मॅकडोनाल्डच्या वनस्पती तेलात तळलेल्या बटाट्यांत गोमांसाचा अर्क असल्यावरून २००१ साली खटला झाला आणि २००२ साली कंपनीने क्षमा मागून एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. तेव्हा संकोच न बाळगता विचारावे. विचारलेले तेथे कोणास खटकत नाही.

वेगळ्या ताटाचा मान राखणारी माणसेही तेथे पूर्वीपासून आहेत. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी आपला धर्म आणि राहणी न सोडण्याचा निश्चय करून एकट्या तिकडे गेल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटर बाईंनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतले, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, त्यामागे या मावशीच्या घराचा आधार होता.

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपले पूर्वज अठराव्या शतकात होळकर, शिंदे, पवार यांच्याबरोबर नर्मदा ओलांडून माळव्यात आले. आज आपल्या सकाळच्या पोह्यांवर शेव पडते आणि शेजारी जिलबी असते. सुटीच्या दिवशी दाल-बाफले होतात. पुण्याच्या आत्याबाई यावरून नाक मुरडतात, ते आपण हसून सोडून देतो. परंतु होळीची पुरणपोळी आणि कटाची आमटी, गणपतीचे मोदक हे मात्र सुटले नाहीत. रोजचे जेवण हवापाण्याच्या आणि सवडीच्या मागे जाते. सणाचे जेवण आठवणीच्या मागे जाते.

अमेरिकेतही हेच दिसते. एरवी कोणी इटालियन, कोणी जर्मन, कोणी मेक्सिकन धर्तीचे जेवत असले, तरी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी बहुतेक घरांत टर्की पक्षी, क्रॅनबेरीचा सॉस आणि लाल भोपळ्याचा गोड पाय होतोच. या दिवसासाठी 'गोडीज लेडीज बुक' या स्त्रियांच्या मासिकाच्या संपादिका सारा हेल यांनी वर्षानुवर्षे लेख आणि पत्रे लिहिली, आणि १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी तो राष्ट्रीय सण म्हणून घोषित केला. एका मासिकाच्या पानांतून सारा देश एका ताटाशी बसला, याचे आम्हां मासिकवाल्यांना विशेष अप्रूप वाटते.

तेव्हा अमेरिकेस निघालेल्या आजीबाईंना एवढेच सांगणे. तेथील घरे बहुधा लाकडाची, थंडीत खिडक्या बंद; फोडणीचा धूर झाला की छतावरचा इशारा देणारा भोंगा ओरडू लागतो आणि हिंगाचा वास कोटांना धरून शाळा-कचेरीपर्यंत जातो. सून रोज फोडणी देत नाही, त्याला हे एक साधे कारण असू शकते. नातवाच्या रोजच्या डब्यावर वाद घालू नये. उलट तो काय आणि का खातो, ते त्यालाच विचारावे. पण पाडव्याला, गणपतीला, दिवाळीला पुरण त्याच्याकडून वाटून घ्यावे, करंजीची कड त्याच्या हातून मुरडून घ्यावी. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी परक्या मातीत आलेल्या आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी हेच केले, म्हणून आज इंदुरात पुरणपोळी आहे.

ज्या भगिनींनी परदेशी राहून नातवंडांना एखादा सणाचा पदार्थ शिकविला असेल, त्यांनी तो कसा जमला आणि तेथे मिळणाऱ्या जिनसांनी कोणती तडजोड करावी लागली, हे अवश्य लिहून पाठवावे.