सेरेंगेटी पाहिली, वेल्हे राहिलं

सिंहगड-राजगड-तोरणा अशी पायपीट करणाऱ्यांना विंझर ठाऊक असतं. सिंहगडाकडून येणारी डोंगरधार सोडून खाली उतरलं की हे गाव लागतं. समोर राजगड, उजव्या हाताला तोरणा. धारेवर असताना मागे वळून पाहिलं तर सिंहगडावरचे दूरदर्शनचे मनोरे दिसतात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी त्याचे कार्यक्रम या गडावरून पुण्याला दिसू लागले. पुण्याच्या गच्च्यांवरच्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डोंगराआडच्या खोऱ्यांची गोष्ट वेगळी. टीव्हीच्या लहरी सरळ जातात, मधे कडा आला की अडतात. गडावरचा मनोरा रोज डोळ्यांसमोर आणि पडद्यावर मात्र मुंग्या, असं कितीतरी मावळी गावांचं झालं. पुढे छपरांवर छत्र्या आल्या तेव्हा कुठे चित्र स्वच्छ झालं.

त्याच सुमाराला आणखी काय काय घडत होतं तेही पाहण्यासारखं आहे. १९७२ साली महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. त्याच वर्षी देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. शिकारीला कायद्याने आळा बसला आणि वन्य प्राणी बैठकीच्या खोलीत आले, हे जवळजवळ एकाच वेळी. तोरण्याच्या पायथ्याचा हा वेल्हे तालुक्याचा मुलूख १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता. त्या काळच्या माणसाने रान पाहिलं ते गुरांमागे हिंडत, मोळीसाठी वणवण करत, नाहीतर शिकाऱ्यासाठी हाकारे घालत. नंतरच्या पिढ्यांनी पाहिलं ते काचेतून.

या काचेतल्या रानाची आठवण काढणारे आज पन्नाशीच्या आसपास आहेत. मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप, धापा टाकणारा चित्ता, बर्फावर बूड टेकून बसलेले पेंग्विन आणि त्या सगळ्यावरून फिरणारा एक धीमा, गंभीर आवाज. भाषा निम्मी कळायची, तरी घरातलं कुणी उठायचं नाही. १९९५ मध्ये डिस्कव्हरी भारतात आली, १९९८ मध्ये नॅशनल जिओग्राफिक, १९९९ मध्ये अ‍ॅनिमल प्लॅनेट. मग आवाज हिंदी झाला आणि सिंह रोजचाच झाला. तरी हळहळ व्यक्त होते ती त्या आधीच्या दुर्मीळ, आठवड्याने भेटणाऱ्या सिंहाबद्दल.

ही हळहळ पोकळ आहे असं मला वाटत नाही. बीबीसीचा निसर्ग-इतिहास विभाग १९५७ मध्ये ब्रिस्टलला स्थापन झाला. डेव्हिड अ‍ॅटनबरो यांची ‘लाइफ ऑन अर्थ’ ही तेरा भागांची मालिका १९७९ मध्ये आली. तिच्यामागे कित्येक वर्षांचं काम होतं. त्या परंपरेत प्राणी काही करेपर्यंत थांबायची तयारी असे. निवेदक मधेच गप्प बसे. घरटं बांधणारा पक्षी घरटं बांधून होईपर्यंत दिसे. आजच्या कार्यक्रमांत पक्षी दिसायच्या आत ढोल वाजू लागतात आणि कुणीतरी धाडसी गृहस्थ कॅमेऱ्याकडे पाहून आपण किती संकटात आहोत ते सांगतो. जंगल त्याच्या शौर्याचं नेपथ्य होऊन बसतं. त्यापेक्षा जुना पेंग्विन हजार पटींनी बरा.

पण जुन्याचंही सगळं सोज्वळ नव्हतं. डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या १९५८ च्या चित्रपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून स्वतःला झोकून देताना दिसतात. त्याला ऑस्करही मिळालं. पुढे उघड झालं की लेमिंग आणवलेले होते आणि त्यांना कड्यावरून लोटलं गेलं होतं. प्राणी सामूहिक आत्महत्या करतात ही समजूत मात्र जगभर पक्की झाली ती झालीच. २०११ च्या ‘फ्रोझन प्लॅनेट’मधली अस्वलाची नवजात पिल्लं ध्रुवावरची नव्हती, युरोपातल्या प्राणिसंग्रहालयातली होती. या लबाड्या त्या मानाने लहान. मोठी गोष्ट चौकटीबाहेर राहिली होती, आणि तिचा संबंध थेट वेल्ह्याशी पोचतो.

बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मायकेल यांचा ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ अशा अर्थाच्या नावाचा माहितीपट १९५९ मध्ये पडद्यावर आला. त्याच्या कामातच मायकेलचा विमान अपघातात मृत्यू झाला. या चित्रपटालाही ऑस्कर मिळालं, आणि सेरेंगेटी हे नाव जगाच्या तोंडी बसलं. त्याच वर्षी, १९५९ मध्ये, मसाई गुराख्यांना सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातून बाहेर काढून न्गोरोंगोरोकडे पाठवण्यात आलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं चारणारी माणसं गेली आणि मग जगाने ‘अस्पर्श’ निसर्ग पाहिला. पुढची कित्येक वर्षं अभिजात म्हणवला गेलेला प्राणिपट याच चौकटीत घडला: गवत, आभाळ, जनावर. माणूस नाही. असलाच तर फक्त निवेदक.

आता ही चौकट घेऊन विंझरहून वेल्ह्याच्या रस्त्याला लागा. (तालुक्याला आता राजगड म्हणायचं सरकारने ठरवलं आहे, जिभेवर अजून वेल्हेच आहे.) माणूस नसलेलं एकही दृश्य सापडणार नाही. ओढ्याला भाताची खाचरं, टेपावर नाचणी, त्यावर धनगराचा वाडा, त्याच्या वरच्या दाट झाडीत वाघजाईचं ठाणं आणि सगळ्यांवर गडाची तटबंदी. कुडाच्या भिंती कारवीच्या. त्याच कारवीत भेकर लपतं, रानडुक्कर माग काढतं, आणि रात्री बिबट्या धनगराच्या कुत्र्यावर नजर ठेवून असतो. देवराया हे इथलं सगळ्यात जुनं अभयारण्य. तिथे कुऱ्हाड चालायची नाही ती देवाच्या धाकाने. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून तो शास्त्राच्या जगापुढे मांडला. म्हणजे पुण्याच्या घरांत सिंह दिसत होता त्याच वर्षांत पुण्यातलेच दोन शास्त्रज्ञ जवळच्या डोंगरांत रानाच्या या रीती टिपत होते. कॅमेरा मात्र त्यांच्या मागे गेला नाही. माणसाळलेलं रान हे त्या कॅमेऱ्याच्या लेखी रानच नव्हतं.

कॅमेरा नव्हता म्हणावं तर तेही खरं नाही. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली. महिन्याभराची उगवण पडद्यावर मिनिटभरात झाली. ते पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि भारतीय चित्रपटसृष्टी उभी राहिली. तिचा पाया असा निसर्गपटावर आहे, आणि तो एका मराठी माणसाने घातला आहे. त्यानंतर आपण हरिश्चंद्राच्या मागे गेलो आणि वाटाणा तिथेच राहिला.

पुणे जिल्ह्याचा तर हिशेबच मांडावा. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. जुन्नर तालुक्यात आर्वीला १९७१ मध्ये विक्रम उपग्रह केंद्र सुरू झालं. १९७३ मध्ये सिंहगडावरून प्रक्षेपण. १९७४ मध्ये दूरदर्शनचं प्रशिक्षण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आलं, आणि देशभरातले दूरदर्शनचे कॅमेरामन इथे शिकून जाऊ लागले. १९८५ मध्ये शेकरूसाठी भीमाशंकर अभयारण्य झालं, तेही याच जिल्ह्यात. कॅमेरा, शिक्षण, संग्रह, मनोरा, उपग्रह आणि राज्यप्राणी एका जिल्ह्यात असताना सह्याद्रीच्या रानावरची, ‘आमच्या लहानपणी ती लागायची’ असं आपण म्हणू शकू अशी एकही मोठी मराठी मालिका आपल्या आठवणीत नाही. ‘आमची माती, आमची माणसं’ सगळ्यांच्या स्मरणात आहे. पण तो शेतीचा कार्यक्रम होता, बांधापलीकडच्या रानाचा नव्हता.

पैसा हे एक कारण आहेच. एका ऋतूचं चित्रण करायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तेवढा धीर आपल्या निर्मात्यांना परवडत नाही. तरीही नरेश आणि राजेश बेदी या बंधूंचा गंगेतल्या सुसरीवरचा माहितीपट १९८४ मध्ये ब्रिस्टलच्या वाइल्डस्क्रीन महोत्सवात गौरवला गेला. माइक पांडे यांच्या २००० सालच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ने गुजरातच्या किनाऱ्यावरची व्हेल शार्कची कत्तल लोकांपुढे आणली आणि पुढच्याच वर्षी त्या माशाला कायद्याचं संरक्षण मिळालं. तेव्हा या देशात हे काम होत नव्हतं असं नाही. ते मराठीत झालं नाही.

मराठीत ते झालं कागदावर. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात दीर्घ काळ नोकरी केली आणि त्याच वेळी ते कागद-पेन्सिल घेऊन रानात बसत होते. त्यांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी वानरांच्या टोळीची आहे. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नवा हुप्प्या टोळी बळकावतो तेव्हा पिल्लांचं काय होतं याचं निरीक्षण युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात आपल्या शेजारी, धारवाडच्या रानात, केलं होतं. बीबीसीने ज्यावर तासाभराचा भाग केला असता, ते मराठी वाचकाने एका छोट्या पुस्तकात वाचलं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट इथे आयुष्य घालवून त्यांनी पक्षी, झाडं आणि रानात राहणारी माणसं एकाच वहीत उतरवली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. या दोघांच्या लेखनात गोंड, फासेपारधी, गुराखी कधी चौकटीबाहेर काढलेले नाहीत. प्राणिपटांची भाषा आम्हाला परकी वाटे ती इंग्रजीमुळे, असं आपण समजतो. मला वाटतं, माणूस वजा केल्यामुळे ती जास्त परकी होती, आणि आमच्या लेखकांनी ती चूक केली नव्हती.

माणसासकट प्राण्याची गोष्ट पडद्यावर सांगता येते याचं एक उदाहरण मराठीने दिलंही आहे. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला बिबट्या बाहेर काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडला गेला. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी त्याचा माग ठेवत होते. शेतं, रस्ते, रेल्वेमार्ग ओलांडत, वाटेत कुणालाही इजा न करता तो शंभरावर किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. त्याचं नाव आजोबा. २०११ मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला. सुजय डहाके यांनी २०१४ मध्ये त्याच्यावर चित्रपट काढला. तो कथापट होता, आणि त्याच्या मागोमाग माहितीपटांची रांग लागायला हवी होती. लागली नाही.

तिची जागा आता मोबाइलने घेतली आहे. गोठ्याजवळच्या कॅमेऱ्यात रात्री सावली सरकते, अकरा सेकंदांची चित्रफीत सकाळी सगळ्या तालुक्यात फिरते, खाली ‘सावधान’ लिहिलेलं असतं. ती कुठली, कधीची, कुणाला ठाऊक. बिबट्या आला आणि गेला, एवढंच त्यातून कळतं. तो इथे वर्षभर काय खातो, पिल्लं कुठे ठेवतो, माणसाला कसा टाळतो, हे कळायला तासभर लागतो. जुन्या प्राणिपटाची खरी उणीव भासते ती इथे, आणि ती जुने भाग पुन्हा लावून भरून निघणारी नाही.

शिवाय जुनं सगळं शिल्लक आहे असंही नाही. टेप महाग होत्या. पुसून त्यांवर नवा कार्यक्रम घेण्याची पद्धत बीबीसीपासून दूरदर्शनपर्यंत सगळीकडे होती. फिल्म्स डिव्हिजन आणि चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये एका महामंडळात विलीन झाली. त्यांच्या डब्यांत महाराष्ट्राच्या रानाचं जे काही असेल त्याची मराठी सूची करून लोकांसमोर ठेवायला हवी. हे काम लहान आहे आणि लगेच होण्यासारखं आहे.

मोठं काम वेल्ह्यात आहे. जुलै २०२५ मध्ये राजगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, आता गडाभोवती ड्रोन घिरट्या घालतील आणि तटबंदी हजारदा टिपली जाईल. तटाखालच्या कारवीकडे कोण पाहणार? ती सात वर्षांतून एकदा फुलते, म्हणजे तिच्या एका फुलोऱ्यासाठी सात वर्षं तयारीत राहावं लागेल. फाळके महिनाभर थांबले होते. फिल्म इन्स्टिट्यूटने विद्यार्थी द्यावेत, वन विभागाने परवानगी द्यावी, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने रविवारचा अर्धा तास द्यावा, आणि निवेदन विंझर-मार्गासनीच्या बोलीत, इथल्याच कुणा गुराख्याला किंवा शिकणाऱ्या पोरीला सोबत घेऊन करावं. चित्रण जूनमध्ये सुरू करा. पाऊस थांबायची वाट पाहत बसलेल्या पथकाला काजवे, बेडूक, खेकडे आणि या रानाचं निम्मं वर्ष दिसणारच नाही.